हुक्क्याचा गळा

चिंचेच्या दिवशी मस्तगडातल्या या घराला लग्नघराची कळा यायची; नवरा-नवरी तेवढे नसायचे. तुळशीचं लग्न लागलं की गावोगाव मांडव पडू लागत. त्याच्या आधीच्या एका रविवारी सिराज ब्रास बँडची सगळी वाद्यं माळ्यावरून अंगणात येत. पावसाळ्यात चढलेली काजळी बायका चिंचेच्या पाण्यानं उतरवत, पुरुष फुंकायच्या वेताच्या पत्त्या आणि भोकांवरच्या गाद्या बदलत, आणि दुपार कलली की सिराजोद्दीन आपल्या क्लॅरनेटवर एक सूर धरून बसत. सगळ्यांनी त्या सुराला येऊन मिळायचं. मिळाला तो यंदाच्या रांगेत. नाही मिळाला त्यानं नळी आतबाहेर करायची, पत्ती ओली करायची आणि पुन्हा यायचं. ही रीत सिराजोद्दीनच्या वडलांनी घालून दिलेली.

सिराजोद्दीनची सून नाहिद परातीपाशी बसली होती. मांडीवर मोठा भोंगा, हातात चिंचेचा गोळा. समोर मदिना आपा. टेंभुर्णीहून सकाळच्या गाडीनं आलेली नणंद, सोबत टोपलीभर सीताफळं.

"दुल्हन, सकाळपासून बघून राह्यले. तोंड बांधून का बसलीस?"

"चिंच आंबट हाय आपा. तोंड काय उघडायचं."

"चिंच परातीत हाय. तुझ्या तोंडात काय हाय ते सांग."

नाहिद उठली, राखेचा डबा आणायला आत गेली. दुपट्ट्याच्या टोकाला बांधलेलं चाव्यांचं जुडगं चालताना वाजलं. सासूबाईंच्या हातून आलेलं जुडगं ते. त्यात कपाटाची चावी, माळ्याची चावी, धान्याच्या कोठीची चावी, आणि चाव्यांमध्ये ओवलेला एक नळीचा तुकडा, मुलामा उडून पितळ उघडं पडलेला. तो कुठल्याच कुलपाचा नव्हता. सासूबाईंनी का ओवला ते नाहिदनं कधी विचारलं नाही. पण चाव्यांच्या खणखणाटात त्याचा एक गोल, पोकळ आवाज यायचा, आणि त्या आवाजावरून तिची लेक कहकशा लहानपणी पाळण्यात वळून बघायची. दात येत होते तेव्हा तर तिनं तोच तुकडा चावून चावून ओला केला होता.

"कहकशाचंच ना?" नाहिद परत बसल्यावर मदिनानं विचारलं.

"तिनं कॉलेज शोधलंय."

"मंग चांगलंच की. जालन्यात काय कमी हायेत का कॉलेजं?"

"हॉलंडात शोधलंय."

मदिनाचा हात भोंग्यावरच थांबला. "आन् शिकणार काय तिथं जाऊन?"

"हुक्का."

मदिना आधी हसली. मग नाहिद हसत नाही हे बघून गप्प झाली. मग पुन्हा हसली, कारण हसू आवरेना. "या अल्ला. टेंभुर्णीत बाया विचारतेन, मदिनाबी, तुमची भाची कुठं गेली? मी काय सांगू? साता समुद्रापल्याड गेली, हुक्का शिकायला?"

आता नाहिदलाही हसू फुटलं. आणि हसता हसता तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

हुक्का म्हणजे बेस क्लॅरनेट. साध्या क्लॅरनेटच्या दुप्पट लांब, काळ्या लाकडाचं अंग, वर वाकडा धातूचा गळा, खाली वर वळलेलं रुपेरी तोंड. पहिल्यांदा घरात आलं तेव्हा शेजारच्या कुणीतरी विचारलं होतं, "सिराजभाई, हुक्का कितीला घेतला?" तेव्हापासून तेच नाव. वरातीत त्याचा आवाज पोचेना, म्हणून ते घरी राहिलं. वरातीत पोरींना नेत नाहीत, म्हणून कहकशा घरी राहिली. टाळेबंदीत लग्नं थांबली, बँड माळ्यावर गेला, आणि त्या लांबलचक दुपारांत तेरा वर्षांच्या कहकशानं गुंडाळलेल्या चादरीतून हुक्का बाहेर काढला. आता तिची बारावी झाली होती, आणि हुक्का परत चादरीत गेला नव्हता.

*

कहकशाचा चाचा इजहार लॅपटॉप छातीशी धरून आला तेव्हा अंगणात पितळच पितळ होतं. पाय ठेवायला जागा शोधत तो भिंतीकडेनं आला. नवीन जालन्यात स्टेशनकडे त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. सुटीच्या दिवशी तो साउंडचे मोठे डबे भाड्यानं द्यायचा. ज्या दिवशी पहिला डीजे त्यानं गाडीत चढवला, त्या दिवसापासून त्याचे वडील, सिराजोद्दीन, त्याच्याशी सरळ बोलत नव्हते. बोलणं बंद नव्हतं. फक्त मधे कुणीतरी लागायचं. बहुतेक वेळा रामकिसन.

रामकिसन मोठा ढोल वाजवायचा. सिराजोद्दीनच्या उजव्या हाताला त्याची खुर्ची असायची, आणि तो बसला की घरातली उर्दू आपोआप मराठीकडे सरकायची.

"रामकिसन," सिराजोद्दीन म्हणाले, "त्याला म्हणावं, चप्पल ट्रम्पेटवर देऊ नको."

"इजहारभाऊ, चप्पल."

"ऐकू आलं काका."

"ऐकू आलं म्हन्ते, उस्ताद."

कहकशा हुक्का घेऊन ओट्यावर बसली होती. इजहारला तिच्याकडे बघून नेहमी वाटायचं, या पोरीनं माझी चुकवलेली वाट धरलीय. तो दहावीपर्यंत क्लॅरनेट वाजवायचा. बरं वाजवायचा. हैद्राबादेहून तिच्यासाठी टेनर सॅक्सोफोनच्या पत्त्या तोच आणायचा, कारण हुक्क्याला त्याच चालतात हे दोघांनी मिळून शोधलं होतं.

अबुबकर, कहकशाचा बाप, बँडचा आताचा मास्तर, पुसता पुसता ट्रम्बोन बाजूला ठेवून म्हणाला, "सांग बेटा. साऱ्यांसमोर एकदाच सांग. मला सांगितलंस तसं."

"अब्बा, आपल्याकडं पियानो शिकवतेत, गिटार शिकवतेत, व्हायोलिन शिकवतेत. क्लॅरनेटसुद्धा एखाद्या ठिकाणी हाय. पण ह्याचा मास्तर मला कुठं सापडला न्हाई. अमेरिकेत मी बरीच कॉलेजं बघितली. तिथं डिग्री साध्या क्लॅरनेटची, हे नुसतं सोबतीला. जर्मनीत आधी भाषा पाहिजे. हॉलंडात एका ठिकाणी हेच मुख्य घेऊन शिकता येतं. चार वर्षं. मी वाजवून पाठवलं होतं, त्यांचं उत्तर आलं."

"पोरी हायेत का तिथं?" मदिनानं परातीपासूनच विचारलं.

"फुफी, शिकवणारीच बाई हाय."

"नवरा हाय का तिला?"

"ते कसं विचारू मी?"

"विचारायचं. त्यात काय."

"तिनं काय म्हटलं ते ऐका आधी," इजहार म्हणाला. "म्हटलं, आवाज फार सुंदर हाय. खालच्या पट्टीत आसा आवाज या वयाच्या पोरांत तिनं ऐकला न्हाई. पण पहिल्या फेरीत पियानो नव्हता. आता दुसऱ्या फेरीला पियानोसंगं वाजवून पाठवा, पुढच्या रविवारच्या आत. आन् त्यात एक अडचण हाय."

त्यानं लॅपटॉप उघडला. पियानोचे चार स्वर आले, मग हुक्का आला, आणि अंगणातल्या प्रत्येकाच्या भुवया एकाच वेळी जवळ आल्या. वाजणाऱ्यांचं घर ते. सांगावं लागलं नाही. हुक्का पियानोच्या वरून चालत होता. अर्ध्या पायरीनं. पाण्यावरून तेल चालावं तसा, कुठंच न मिसळता.

"पियानो खाली हाय," सिराजोद्दीन म्हणाले.



"अब्बा," अबुबकरनं हळूच म्हटलं, "साऱ्या दुनियेचा पियानो खाली?"

"आसंल. दुनियेला कोण बघायला गेलंय. माझ्या वडलांचा क्लॅरनेट पलटणीतून आलेला हाय. साहेबाच्या टायमाचा. तो खोटा आन् तुझा डबा खरा?"

डबा हा शब्द त्यांनी अबुबकरकडे बघत उच्चारला. पोचला तो इजहारला. इजहारनं मोबाइलवर सूर मोजायचं ॲप उघडलं आणि मोबाइल रामकिसनच्या हातात दिला. सिराजोद्दीननी क्लॅरनेट फुंकला. सुई मधल्या रेघेवरून सटकली आणि उजवीकडे जाऊन उभी राहिली.

"सुई बिघडलीय," सिराजोद्दीन म्हणाले.

"माझा ढोल लावू का उस्ताद तिला?" रामकिसन म्हणाला. "पळूनच जाईल."

सगळे हसले. सिराजोद्दीनही हसले, पण कवळीमुळे त्यांना हसू पुरतं फुलवता येत नसे.

*

सुई खरी आहे हे सिराजोद्दीनना माहीत होतं. साहेबाच्या पलटणीतली वाद्यं चढ्या सुराची असायची, हे त्यांना वडलांनीच सांगितलं होतं. मस्तगडातला हा बँड दुनियेपेक्षा थोडा वरून वाजतो, ही त्यांच्या मते खोड नव्हती. ती घराची उंची होती. जाफराबादेपासून परतूरपर्यंत वरात लांबून ऐकली तरी लोक म्हणायचे, सिराजचा बँड येऊन राह्यला. 

"हुक्का वर का चालतो ते मला माहीत हाय," ते म्हणाले. "हैद्राबादेत एक बँड मोडला, तेव्हा मी त्यांचं सामान काचीगुड्याच्या गाडीनं घेऊन आल्तो. त्यात हा. घरी येऊन फुंकला तर आपल्या सुराच्या खाली. मंग मी गळा कापला. दोन बोटं. आरीनं. बघ, कुठं फरक दिसतो का. बराबर बसवला."

त्यांनी गळा उचलून दाखवला. काम खरोखर सफाईचं होतं.

कहकशानं आजोबांच्या हातातून तो गळा घेतला. "दादा, मी तो बाहेर ओढून बघितला. सूर खाली येतो, पण मंग गळा हलतो, हवा निघते. खालचे स्वर फुटतेत."

"दोन बोटं नळी जोडली की झालं," इजहार म्हणाला. "चांदीचा डाक देऊन झाळावी लागंल. मी देतो. पण या मापाची नळी जालन्यात मिळाली न्हाई. मी सारी भांडीगल्ली फिरलो. नळाची नळी जाड पडते, स्टोव्हची बारीक."

"जोडली की झालं," सिराजोद्दीननी तेच शब्द परत म्हटले. "आन् मंग तो या घराच्या सुरात राहील का?"

आता मात्र ते थेट इजहारकडे बघत होते. उत्तर कहकशानं दिलं.

"न्हाई राहणार दादा."

अंगणात चिंचेच्या पाण्याचा वास होता. मदिनानं परातीवरचा हात पुन्हा चालवला, आणि तिच्या तोंडून ओवी निघाली. टेंभुर्णीला शेजारच्या नंदाबाईच्या जात्यावर बसून बसून तिला ओवीची सवय लागली होती. बोलायचं असलं आणि बोलवत नसलं की ती गायची.

पितळ घासू घासू, हात झाले सोनियाचे
भाचीचे गं माझ्या, बोल खोल पाणियाचे

"आत्ता हसत होतीस की," नाहिद तिच्या कानाशी म्हणाली.

"हसले. मंग ऐकलं ना तिला त्या डब्यातून. दुल्हन, विहिरीत वाकून आवाज दिल्यासारखं वाजवती पोरगी." मदिनानं आवाज चढवला. "अब्बा, जाऊ द्या तिला. मी सांगीन टेंभुर्णीत काय सांगायचं ते."

"तू आजवर माझ्या बाजूनं होतीस."

"आजवर मी टेंभुर्णीत होते."

सिराजोद्दीननी क्लॅरनेट मांडीवर आडवा ठेवला. त्यांच्या मनात या वर्षी एक वेगळंच होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कवळी आल्यापासून त्यांचा सूर थरथरत होता. अबुबकर तो थरथरणारा सूर दरवर्षी न बोलता सरळ धरून घ्यायचा. या चिंचेच्या दिवशी कहकशाला रांगेत बसवायची, आपल्या खाली तिचा सूर लावून घ्यायचा, म्हणजे आपण डळमळलो तरी खालून कुणी धरलेलं असेल; असा त्यांचा बेत होता. वरातीत नको. नुसतं इथं, अंगणात.

"एक कर," ते म्हणाले. "आज गळा हाय तसा ठेव. माझ्या सुरात एकदा वाजव. रांगेत बसून. मंग काय जोडायचं ते जोडा."

*

दुपार कलली. भिंतीकडेनं रांग लागली. ट्रम्पेट, ट्रम्बोन, भोंगे, शेवटी ढोल. आणि सिराजोद्दीनच्या डाव्या हाताला, पहिल्यांदाच, हुक्का. कहकशानं दुपट्टा मागे बांधला, वाद्याच्या खालच्या टोकाची काडी फरशीवर टेकवली.

नाहिद दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हात दुपट्ट्याच्या टोकाशी होता. दोन बोटं, असं सासरे म्हणाले तेव्हाच तो हात तिथं गेला होता.

तिनं न बघता माप घेतलं होतं. तर्जनी आणि मधलं बोट तुकड्यावर ठेवलं, बरोबर भरलं. एका कडेला करवतीची खरखर, दुसरी कड गुळगुळीत. सासूबाई वस्तू टाकून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवऱ्यानं कापून फेकलेला तुकडाही त्यांनी ओवून ठेवला.

सिराजोद्दीननी सूर धरला. थरथरला. त्याच्या खाली कहकशाचा आला, जमिनीतून यावा तसा, आणि वरचा थरथरायचा थांबला. मग एकेक करून सगळे आले. अबुबकरनं डोळे मिटले होते. रामकिसननं ढोलावर हात नुसता ठेवला, वाजवला नाही. कातडं आपोआप गुणगुणत होतं. 

नाहिदला वाटलं, हे असंच राहू दे. गप्प राहिलं तर कुणाला कळणार आहे? नळी जालन्यात मिळत नाही. रविवार येईल, रविवार जाईल. पोरगी इथंच एखाद्या कॉलेजात नाव घालील, संध्याकाळी घरी येईल, ओट्यावर बसून वाजवील. आपण भाकऱ्या टाकताना ऐकू. यात कुणाचं काय वाईट?

सूर संपला. कहकशानं तोंडातून पत्ती काढली आणि आजोबांकडे बघितलं. तिचा चेहरा समाधानाचा होता, आणि तोच नाहिदला बघवेना. पोरीनं मागितलं होतं ते हे नव्हतं. पण मिळालं म्हणून तिनं दोन्ही हातांनी घेतलं होतं. काही न मागता ती आता हुक्क्याचे तुकडे सुटे करत होती.

"तो कापलेला तुकडा कुठं गेला आसंल अब्बा?" अबुबकरनं विचारलं. "तोच मिळाला आस्ता तर..."

"तुझ्या अम्मीनं उचलला होता. कुठं ठिवला देव जाणे. तिला जाऊनही आता..."

"माझ्याकडं हाय," नाहिद म्हणाली.

सगळी रांग वळली. तिनं दुपट्ट्याची गाठ सोडली. कडी घट्ट होती. नखानं उघडेना, तेव्हा इजहारनं पुढं होऊन पक्कड दिली. चाव्या एकेक करून तिच्या तळहातावर पडल्या आणि शेवटी तुकडा निघाला. तो तिनं दुपट्ट्यानं पुसला आणि कहकशापुढं धरला.

"हे तर मी चावायचे," कहकशा म्हणाली.

"चावायचीस. चाव्या सोडून हेच पाहिजे आसायचं तुला."

"अम्मी, तू काहीच म्हटलं न्हाईस आजवर. हो पण न्हाई, नको पण न्हाई."

"आता म्हणून राह्यले ना." नाहिदनं तुकडा तिच्या मुठीत दाबला. "फोन रोज करायचा. आन् त्या बाईला नवरा हाय का ते विचारायचं. आपाचं समाधान व्हायला पाहिजे."

इजहारनं ओट्यावर गॅसची छोटी बत्ती पेटवली. गळ्याचं टोक आणि तुकड्याची करवतीची कड एकमेकांसमोर आणली. ती एकमेकांत बसली, कारण एकाच आरीनं झालेली होती. सिराजोद्दीन खुर्चीतून उठून आले. मुलाच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

"हात हलू देऊ नको," ते म्हणाले.

रामकिसननं तोंड उघडलं, सवयीनं. मग त्याच्या लक्षात आलं की हे त्याच्याकरवी पाठवायचं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं आणि एक सीताफळ फोडलं.

"न्हाई हलत अब्बा," इजहार म्हणाला.

डाक वितळला, सांध्याभोवती चांदीची एक बारीक रेघ फिरली आणि थंड झाली. कहकशानं गळा बसवला. आता तो हलत नव्हता. तिनं खालचा स्वर धरला. मोबाइलची सुई मधल्या रेघेपाशी येऊन जरा घुटमळली आणि उभी राहिली.

सिराजोद्दीननी क्लॅरनेट तोंडाला लावला, थांबले, परत काढला. मग वरचा सांधा दोन्ही हातांनी पिळून ओढला. थोडा, अजून थोडा, निघेल तेवढा.

"उस्ताद, हे काय?" रामकिसननं विचारलं.

"जरा खाली जाऊन बघतो. काय हाय तिकडं."

ते पुरते पोचले नाहीत. साहेबाच्या टायमाचा क्लॅरनेट इतका लांब होत नाही. पण जवळ गेले, आणि नातीनं तेवढ्या अंतरासाठी आपला श्वास त्यांच्या बाजूनं जरासा वळवला.

चहा ठेवायला नाहिद आत गेली. सुट्या चाव्या तिनं लाल दोऱ्यात ओवल्या होत्या. चालताना त्या नुसत्याच चाव्यांसारख्या वाजल्या. तो गोल, पोकळ आवाज आता तिच्या मागून, अंगणातून येत होता. नाहिद चुलीपाशी पोचली आणि, पाळण्यातली कहकशा वळायची तशीच, मागे वळली.